मॉनिटर घोरायलाय! (फॅनचा आवाज, गरमी आणि परभणीचा मे)

अल्बमवाला | १ मे, रात्री ११:५०

मंडळी, नमस्कार. परभणीत लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. जिंतूर, मानवत, गंगाखेडचे फोटोग्राफर डेटा पाठवतात, मी पानं लावून लॅबला देतो.

मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका गेम खेळणाऱ्या पोराकडून जुना ३२ इंची मॉनिटर घेतला. लॅपटॉपला जोडून वापरतो. पडदा एक नंबर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच वाहत जातो. थंडीत काही कळलं नाही. मार्च लागला तसा मागून आवाज यायला लागला. आधी वाटलं लॅपटॉपचा फॅन. लॅपटॉप बंद केला तरी घुर्रर्र चालूच. कान लावला तर मॉनिटरच्याच पोटात फॅन! मॉनिटरलाही फॅन असतो हे या वयात कळलं.

आता सकाळी दहाला सुरू होतो ते रात्री एकला मी कामावरून उठेपर्यंत. वरच्या जाळीवर हात धरवत नाही, पापड ठेवला तर भाजून निघंल. आई म्हणायलीय, "ते डबडं घोरायलंय का रडायलंय ते एकदा बघ."

सीझन चालू आहे, या महिन्यात चौदा अल्बम द्यायचेत. खोली दुसऱ्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब, खिडकी पश्चिमेला. फॅन काढून टाकला तर चालंल का? दुसरा बसवावा का? का हा विकून साधा घ्यावा?

सीताफळ | १ मे, रात्री ११:५८

मॉनिटरला फॅन. उद्या माउसला कूलर येईल.

दुधनाकाठ | २ मे, सकाळी ७:१०

पापडाचं खरं असंल तर मॉनिटर विकू नका, बायकांना भाड्यानं द्या. उन्हाळी कामं सुरूच आहेत.

एफपीजीए | २ मे, सकाळी ९:२५

फॅन काढायचं मनातही आणू नका. तो तिथे का आहे ते आधी सांगतो.

साध्या ऑफिसच्या मॉनिटरला फॅन लागत नाही, कारण २७ इंची पडदा तीसेक वॅट खातो आणि तेवढी उष्णता मागच्या भोकांतून आपली आपण निघून जाते. महागड्या गेमिंग मॉनिटरांचं तसं नाही. काहींत एनव्हिडियाचं जी-सिंक मॉड्यूल (ग्राफिक्स कार्डाचा आणि पडद्याचा वेग जुळवणारा भाग) असतं. २०१८ मधे पहिले ४के, १४४ हर्ट्‌झ, एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणारे) मॉनिटर बाजारात आले तेव्हा हे मॉड्यूल एफपीजीए चिपवर होतं (माझ्या आयडीचा उगम हाच). एफपीजीए म्हणजे कारखान्यातून कोरी येणारी आणि नंतर हवं ते सर्किट भरता येणारी चिप. एकाच कामासाठी घडवलेल्या चिपपेक्षा ती बरीच जास्त वीज खाते, म्हणून डोक्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) आणि फॅन. दुसरं कारण बॅकलाइट. पडद्यामागे शेकडो भागांत विभागलेले एलईडी असतात आणि एचडीआर चालू केला की उजळ भागांत ते पूर्ण ताकदीनं पेटतात.

फॅन काढलात तर ही सगळी उष्णता आतच कोंडेल. काही मॉडेल फॅन फिरत नाही असं दिसलं की स्वतःच बंद पडतात. तुमचं त्यातलं नसेल तर जास्त वाईट, कारण ते जळेपर्यंत चालत राहील.

वायरमन | २ मे, दुपारी १:४०

वरच्याशी सहमत. माझं रिपेरिंगचं दुकान आहे बीडला. मागच्या साली एका पोरानं आवाज येतो म्हणून फॅनची वायर कापून मॉनिटर वापरला होता. तीन महिन्यांनी माझ्याकडं आला तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग आणि सप्लायचे कपॅसिटर फुगून पुरीवाणी झालेले. कपॅसिटरचं साधं गणित असतंय, दहा डिग्री गरमी वाढली की आयुष्य निम्म्यावर.

आणि स्वतः खोलू नका. प्लग काढला तरी सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरात तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ बसून राहतेत. मी हात भाजून घेतलेला माणूस आहे.

कोथरूडकर | २ मे, दुपारी २:०५

इतका विचार कशाला? खोलीत एसी लावा. विषय संपला.

सीताफळ | २ मे, दुपारी २:०७

लावू की. बिल नवरदेवाकडून घ्यावं का नवरीकडून?

तेरणामाय | २ मे, दुपारी २:३०

कोथरूडकर दादा, आमच्याकडं दुपारी लाइट असते का ते आधी विचारा, मग एसीचं बघू.

आमच्याकडं कूलर. लातूरचा माणूस कूलरवर बोलायला लागला की थांबत नाही, तरी थोडक्यात सांगतो. मे मधली आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर झकास चालतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेते. पण समोरची खिडकी उघडी पाहिजे. खोली बंद करून कूलर लावला की तासाभरात चिकचिक. जूनमधे पहिला पाऊस पडला की कूलर म्हणजे नुसता आवाज.

आता पाण्याचं. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कोणी कूलरमधे पाणी भरताना दिसला असता तर मार खाल्ला असता. आम्ही भिजवलेलं धोतर खिडकीला बांधून झोपलो. अजूनही कूलरमधे बादली ओतताना मला चोरटं वाटतं.

अल्बमवाला | २ मे, दुपारी ३:१५

कूलर आहेच. आणि खरं सांगू का, कूलर चालू असला की मॉनिटरचा आवाज ऐकूच येत नाही 😄 लाइट गेल्यावर कूलर बंद होतो, मॉनिटर इन्व्हर्टरवर राहतो, तेव्हा घोरणं सुरू.

वायरमन | २ मे, दुपारी ३:२२

कूलरचं तोंड मॉनिटरकडं आहे का? असंल तर आजच फिरवा. बोअरचं खारं पाणी असतंय, कूलरमधून बारीक तुषार उडतेत, वाळले की पांढरा थर. मॉनिटरचा फॅन तो थर आत ओढतो. वर धूळ चिकटली की खपली तयार.

जर्मनी_ते_परभणी | २ मे, संध्या. ७:५०

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे वाक्य माझ्यासाठीच केलंय, कारण मी दोन्हीकडचा. सध्या श्टुटगार्टजवळ.

माझ्याही मॉनिटरला फॅन आहे. इथं घरात इतकी शांतता असते की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येतो, त्यामुळं तोच फॅन मला विमानासारखा वाटायचा. परभणीत असतो तर गल्लीतला बॅन्जो, पिठाची गिरणी आणि भोंगे यांत हरवला असता. जानेवारीत मात्र मी त्याच्या जाळीवर हात शेकतो.

एक गंमत. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानाजवळ वापराचं तापमान लिहिलेलं असतं. माझ्याच्यात ० ते ४० अंश, आणि उंची ५००० मीटरपर्यंत. म्हणजे कंपनीच्या हिशोबानं हा मॉनिटर लडाखला चालतो, परभणीला मे मधे नाही.

दुधनाकाठ | २ मे, रात्री ८:१०

बाहेर ४३ असताना स्लॅबखालच्या खोलीत सहज चाळीसच्या वर असतंय. म्हणजे अल्बमवाल्याचा मॉनिटर घोरत नाही, कंपनीला शिव्या घालायलाय.

ऑनलाइन_बाई | २ मे, रात्री ९:००

मी धाराशिवहून ऑनलाइन शिकवण्या घेते. मला वेगळाच अनुभव आला, तो इथे लागू पडेलच असं नाही, पण बाकीच्यांच्या कामी येईल.

माझ्या मॉनिटरला फॅन नाही, तरी तो जोडला की आवाज सुरू व्हायचा. आवाज लॅपटॉपचा होता. माझ्या लॅपटॉपमधे दोन ग्राफिक्स आहेत, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं कार्ड. एचडीएमआयचं भोक थेट त्या कार्डाला जोडलेलं आहे. म्हणजे पडद्यावर नुसती फळ्याची पांढरी पाटी असली तरी कार्ड जागं. माझ्या भाच्यानं मॉनिटर टाइप-सीच्या भोकातून लावून दिला, ते प्रोसेसरकडच्या ग्राफिक्सला जोडलेलं निघालं. लॅपटॉप गप्प. प्रत्येक लॅपटॉपमधे ही जोडणी वेगळी असते, तेव्हा लावूनच बघावं लागतं.

रिफ्रेश रेटही बघा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नवं करतो ते. १४४ वर असला तर ६० करा. अल्बमची पानं काही पळत नाहीत.

एफपीजीए | २ मे, रात्री ९:२०

बाईंचं बरोबर आहे. जास्त रिफ्रेश रेटला कार्डाची मेमरी रिकाम्या वेळीही वरच्या वेगात अडकून राहते, विशेषतः दोन पडद्यांचे रेट वेगवेगळे असतील तर.

अल्बमवाला, आता चार प्रश्न. मॉनिटरच्या मागे काय आहे? ब्राइटनेस किती? विंडोजमधे एचडीआर चालू आहे का? लॅपटॉप मॉनिटरवरूनच चार्ज होतो का?

अल्बमवाला | २ मे, रात्री १०:४०

मागं प्लायवूड. हॉलमधलं जुनं टीव्हीचं शोकेस होतं, त्यात बरोबर बसला म्हणून घुसवला. चार बोटं जागा असंल नसंल.
ब्राइटनेस १००. खिडकी पश्चिमेला ना, दुपारी काही दिसत नाही.
एचडीआर चालू आहे. पोरानं विकताना सांगितलं होतं की तेच भारी आहे.
टाइप-सी एकच वायर आहे, त्यातूनच चार्ज होतो. तेवढ्यासाठीच घेतला की, वायरींचं जंजाळ नको म्हणून.

वायरमन | २ मे, रात्री १०:४३

आता गं बया. कोंडून ठेवलाय, पेटवून ठेवलाय, आणि वर त्याच्याकडून पाणी भरून घेयलाय. मग घोरंल नाहीतर काय ओवी म्हणंल?

सीताफळ | २ मे, रात्री १०:५०

😂😂 फॅनच्या बाजूनं मानवी हक्क आयोगाकडं अर्ज करायला पाहिजे.

प्रिंटलॅब | ३ मे, सकाळी ८:३०

मी संभाजीनगरला एका फोटो लॅबमधे मशीनवर आहे. धागा गमतीनं वाचत होतो, पण "ब्राइटनेस १००, एचडीआर चालू" वाचून चहा बाजूला ठेवला.

अल्बमवाला, एक विचारू? तुमचे अल्बम काळे येतात का? स्क्रीनवर छान, हातात आल्यावर चेहरे सावळे, नवरदेवाच्या कोटातल्या घड्या गायब?

अल्बमवाला | ३ मे, सकाळी ८:५२

तुम्हाला कसं कळलं??? दिवाळीपासून हीच कटकट चालू आहे. मानवतच्या एका पार्टीनं तर अल्बम परत पाठवला, पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिला. मी लॅब बदलली, तिथंही तेच. आता तिसरी शोधायलो होतो.

प्रिंटलॅब | ३ मे, सकाळी ९:१५

लॅब बदलू नका, कॉलर आमची धरता तुम्ही लोक.

कागद स्वतः उजेड देत नाही, त्याच्यावर पडेल तेवढाच परत देतो. छपाईचं काम करणारे पडदा साधारण ८० ते १२० निट्सवर (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) ठेवतात. तुमचा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला त्याच्या तिप्पट चौपट सहज जात असेल, एचडीआरमधे त्याच्याही वर. एवढ्या उजेडात फोटो बघितला की माणूस आपोआप तो खाली ओढतो. तुम्हाला वाटतं चेहरा बरोबर झाला, फाइलमधे मात्र तो अंधारा गेलेला असतो. अल्बम कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे यंत्रानं रंग आणि उजेड मोजून जुळवलेल्या पडद्यावर लावा, ते यंत्र परवडत नसेल तर निदान ही युक्ती करा: आमच्याकडून छापून आलेला चांगला फोटो पडद्याशेजारी पांढऱ्या उजेडात धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जा. एचडीआर तर कायमचा बंद. अल्बमच्या कागदाला एचडीआर नसतो.

आणि खिडकीला पडदा लावा हो. उन्हाशी भांडायला ब्राइटनेस वाढवणं म्हणजे बॅन्जोपुढं ओरडून बोलणं.

माळवद | ३ मे, सकाळी ११:००

उशिरा आलो. सगळे मॉनिटरमागं लागलेत, खोलीचं कोण बोलणार?

एक बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. म्हणजे अल्बमवाला स्वतः त्या मॉनिटरएवढाच तापतो. खरी भट्टी वरचा स्लॅब आहे. दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली ओकतो. फॅन रात्री एकपर्यंत का थांबत नाही त्याचं उत्तर तिथं आहे.

आमचं गावाकडचं घर माळवदाचं. खाली सागाची खणं, वर चिपा, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दोन-अडीच हात रुंद. भर मे मधे दुपारी आजोबा आत उपरणं पांघरून झोपायचे. उजेडाला वर सानं, पावसात त्यावर पालथी पाटी. आम्ही शहाणे झालो, पाडून स्लॅब टाकला आणि आता कूलर विकत आणतो. (पावसाळ्याआधी माळवदावर माती कोण टाकणार, गवत कोण उपटणार, हाही प्रश्न आहेच. वडिलांनी पाडलं ते काही उगं नाही.)

सांगायचं ते असं की गच्चीवर चुना मारा. फेविकॉल घालून दोन हात द्या. ऊन परत फेकलं जातं. खर्च एका अल्बमच्या मजुरीएवढाही नाही.

तेरणामाय | ३ मे, सकाळी ११:२०

चुन्याला माझं अनुमोदन. पाय ठेवताना मात्र जपून, दुपारी पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात.

कोथरूडकर | ३ मे, सकाळी ११:३५

म्हणजे शेवटी खोली गारच करायची आहे. मी काय वेगळं म्हणालो होतो?

सीताफळ | ३ मे, सकाळी ११:३६

किमतीचा फरक आहे दादा, चुना आणि एसी. तसा चुना दोन्हींत लागतो.

ऑनलाइन_बाई | ३ मे, दुपारी ४:१०

ब्राइटनेस कमी करताना एक ध्यानात ठेवा. काही मॉनिटर दिवे मंद करायला ते सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतात. तेव्हा बारीक "चीं" आवाज येतो, डासासारखा. माझ्या आधीच्या मॉनिटरला ४० च्या खाली तो यायचा, १०० ला बंद. मुलं विचारायची, "मॅडम, डास चावायलेत का?" तसा आला तर घाबरू नका, दोन-चार आकडे वरखाली करून बघा.

दुधनाकाठ | ३ मे, दुपारी ४:४०

फॅनला शिलाई मशीनचं तेल सोडलं तर? आमच्या टेबल फॅनचं घोरणं त्यानंच गेलं.

वायरमन | ३ मे, दुपारी ५:००

बुशिंगचा फॅन (बॉल बेअरिंगऐवजी साधी नळी असलेला) असंल तर स्टिकर काढून एक थेंब चालतोय.

एफपीजीए | ३ मे, दुपारी ५:१५

नाही पटत. ते तेल पातळ असतं. एवढ्या गरम जागी महिना-दोन महिन्यांत उडून जाईल आणि जाताना धुळीचा चिखल करून जाईल. फॅनच बदलावा.

वायरमन | ३ मे, दुपारी ५:२१

साहेब, तुम्ही पुस्तकातलं सांगता. गिऱ्हाईक उद्या लगीन आहे म्हणून उभं असतंय, त्याला नवीन फॅन दिल्लीहून येईस्तोवर बसवून ठेवू का? तेल टाकतो, दीड महिना चालवतो, फॅन आला की बदलतो.

एफपीजीए | ३ मे, दुपारी ५:३०

तसं असेल तर ठीक आहे. मला वाटलं तुम्ही तेलावरच सोडून देता.

अल्बमवाला | ९ मे, रात्री १२:२०

उशीर झाला, दोन अल्बम अडकले होते. सगळं करून बघितलं. दोस्ताकडून वॅट मोजायचा प्लग आणला.

पहिला आकडा, जसं होतं तसं, एचडीआर, ब्राइटनेस १०० आणि लॅपटॉपचं चार्जिंग धरून: १६८ वॅट. लॅपटॉपला त्याचा चार्जर लावला: ९५. एचडीआर बंद करून ब्राइटनेस प्रिंटशी जुळवला, तो २८ वर जुळला: ४१ वॅट. लॅपटॉपची वीज आता दुसऱ्या प्लगातून जाते हे मान्य, पण ते ओझं मॉनिटरच्या पोटातून तर गेलं.

शोकेसमधून काढून टेबलावर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढं. खिडकीला आईच्या जुन्या इरकलीचा दुहेरी पडदा. चुना रविवारी मारला, सासऱ्यांनी मदत केली आणि अर्धा स्वतःच्या धोतराला लावून घेतला.

सकाळी फॅन ऐकूच येत नाही. दुपारी दोन ते सहा येतो, पण पूर्वीचा घुर्रर्र नाही. आता फिरताना मधेच "टिक टिक" करतो.

पहिले दोन-तीन दिवस पडदा इतका अंधारा वाटला की चष्म्याचा नंबर वाढला का काय वाटलं. मग सवय झाली. प्रिंटलॅब भाऊ, काल गंगाखेडचा अल्बम आला. नवरीच्या शालूतला जरीचा मोर दिसायलाय. आधीच्या अल्बमांत तिथं नुसता तपकिरी ठिपका असायचा. मानवतच्या पार्टीला छपाईचे पैसे मीच दिले होते, त्याचं दुःख आता दुप्पट झालं.

वायरमन | ९ मे, सकाळी ९:३०

टिक टिक म्हणजे बेअरिंग गेलंय किंवा पात्याला वायर लागायलीय. इतके दिवस पळवलाय त्याला. सीझन झाला की बीडला घेऊन या. येताना फॅन विकत आणू नका. मागच्या खेपेला एकानं दोन वायरींचा आणला होता, मॉनिटर चालू होऊन पुन्हा बंद. तिसरी वायर फॅन किती फिरतोय ते सांगते, ती लागतेच. खोलून मापं बघू, मग मागवू.

अल्बमवाला | १९ जून, संध्या. ६:१५

वायरमन काकांकडं जाऊन आलो. फॅन ६० मिलीमीटरचा, तीन वायरींचा निघाला. मागवून आठ दिवसांनी बसवला. हीटसिंकमधून मूठभर धूळ, एक वाळलेली पाल आणि कूलरचा पांढरा थर निघाला. काकांनी फॅनचे पैसे घेतले, मजुरीत पोरीच्या बारशाचे फोटो लावून मागितलेत. परभणीत पाऊस झालाय, कूलर बंद आहे, घरात शांतता आहे आणि मॉनिटरचा आवाज नाही.

आई म्हणायलीय, आता लॅपटॉप घोरायलाय. ऑनलाइन_बाई, तुमचं ते रिफ्रेश रेटचं आज रात्री बघतो.

नवा_मेंबर_७७ | २१ जून, सकाळी १०:०५

सगळा धागा वाचला नाही. मॉनिटर विकायचा आहे का? किती घेणार? हिंगोलीपर्यंत पोच मिळेल का?

अल्बमवाला | २१ जून, सकाळी १०:४०

नाही हो, पुढच्या सीझनला लागतोय. शोकेस आहे, सागवानी फ्रेमचं. पाहिजे का?